होम थिएटर आणि गेमिंग: वाचकांचे प्रश्न

या अंकात मोठा पडदा, गेमिंग कन्सोल आणि पाच-सहा स्पीकर घरात बसवताना येणाऱ्या अडचणी घेतल्या आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. यातल्या बहुतेक अडचणी आणखी महागडं यंत्र आणून सुटणाऱ्या नाहीत. त्या खोलीत, तारांत किंवा सेटिंगमध्ये अडकलेल्या आहेत, म्हणून उत्तरांचा भरही तिथेच आहे.

हॉल १० बाय १६ फुटांचा आहे. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, समोरची टीव्हीची भिंत डोळ्यांपासून ८ फुटांवर. सिनेमे आणि प्लेस्टेशन ५ दोन्हींसाठी ५५ इंची टीव्ही घ्यावा की ६५? आणि साउंडबार पुरेल का? (पुणे)

६५ घ्या. सिनेमासाठी पडद्याने नजरेचा साधारण ३० ते ४० अंशांचा कोन भरावा, असा मापदंड आहे. पडद्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजून १.८७ ने गुणली की ३० अंशांचं अंतर मिळतं, १.३७ ने गुणली की ४० अंशांचं. ५५ इंची पडदा १२२ सेंटिमीटर रुंद असतो, ६५ इंची १४४ आणि ७५ इंची १६६. तुमच्या ८ फुटांवरून, म्हणजे २४४ सेंटिमीटरवरून, ५५ इंची पडदा २८ अंश भरतो, ६५ इंची ३३ आणि ७५ इंची जवळपास ३८. म्हणजे ७५ सुद्धा बसतो, पण तुम्ही विचारलेल्या दोनांत ५५ लहान पडतो.

आकारापेक्षाही जास्त चूक होते ती उंचीत. शोकेसच्या वर, जवळजवळ छतापाशी टीव्ही लावतात आणि तासाभरात मान अवघडते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते १०५ सेंटिमीटरवर येतात. पडद्याचा मध्य तेवढ्यावर किंवा फार तर १५ सेंटिमीटर वर ठेवा. सुताराला युनिटचं माप देण्याआधी सोफ्यावर बसून डोळ्यांची उंची टेपने मोजून घ्या.

आवाजाबद्दल: भिंतीला भोकं पाडायची आणि तारा ओढायची तयारी असेल तर महागड्या साउंडबारऐवजी एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटणारा ॲम्प्लिफायर) घ्या आणि सुरुवात ३.१ ने करा, म्हणजे डावा, उजवा, मधला आणि सबवूफर (खालचे सूर, अर्थात बास, वाजवणारी पेटी). सिनेमातले संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, त्यामुळे त्याच्यावर काटकसर करू नका. डावा-उजवा स्पीकर बसण्याच्या जागेपासून मध्यरेषेच्या २२ ते ३० अंशांत हवेत. तुमच्या अंतराला हे पडद्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना १ ते १.४ मीटर होतं. मागचे स्पीकर ११० ते १२० अंशांवर असावेत, पण सोफा भिंतीला टेकलेला असल्यावर मागे जागाच उरत नाही. मग ते सोफ्याच्या दोन्ही टोकांपासून दोन-तीन फुटांवर, त्याच भिंतीवर, कानापेक्षा फूट-दीड फूट उंच आणि एकमेकांकडे तोंड करून लावा. या खोलीत ७.१ च्या (सात स्पीकर आणि एक सबवूफर) मागे लागू नका. शक्य असेल तर सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, भिंतीला चिकटलेल्या कानाला बास नेहमी फुगलेला ऐकू येतो.

घरात जुना ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) होम थिएटर आहे. प्लेस्टेशन ५ ला जोडला तर पुढच्या दोन स्पीकरमधूनच आवाज येतो. (सोलापूर)

आधी सिस्टिमच्या पाठीमागे बघा. फक्त लाल-पांढऱ्या दोन पिना असतील तर तो ५.१ नावापुरता आहे. तो दोन चॅनेलचा आवाज पाच ठिकाणी वाटतो, आणि कोणतीही तार जोडून खरा ५.१ मिळणार नाही. सहा पिना असतील किंवा ऑप्टिकलचं (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या तारेचं) चौकोनी तोंड असेल तर काम होतं.

प्लेस्टेशन ५ ला ऑप्टिकल आउटपुट नाही. कन्सोल एचडीएमआयने टीव्हीला जोडा आणि टीव्हीच्या ऑप्टिकलमधून आवाज सिस्टिमला द्या. ऑप्टिकल तारेतून पीसीएम (न दाबलेला) आवाज दोनच चॅनेल जातो, ५.१ हवा तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या दाबलेल्या प्रकारांत बांधून पाठवावा लागतो. म्हणून कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये साउंड, तिथे ऑडिओ आउटपुट, आणि ऑडिओ फॉरमॅटमध्ये लिनियर पीसीएमऐवजी बिटस्ट्रीम डॉल्बी निवडा. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’वर ठेवा. तरी दोनच स्पीकर वाजत असतील तर तुमचा टीव्ही एचडीएमआयवरून आलेला आवाज स्टीरिओ करून पुढे देतो. काही टीव्ही असं करतात आणि त्यावर सेटिंगचा इलाज नाही. तेव्हा कन्सोल आणि टीव्हीच्या मध्ये एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर लावा. तो १८ गिगाबिटचा असेल तर ४के १२० हर्ट्झवर (सेकंदाला १२० चित्रांवर) पाणी सोडावं लागेल, ६० हर्ट्झला अडचण नाही.

सिस्टिमला सहा पिना आहेत पण ऑप्टिकल नाही, अशा वेळी ऑप्टिकल घेऊन सहा वाटा देणारा डॉल्बी-डीटीएस डीकोडर डबा मिळतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. या जुन्या सिस्टिमचे छोटे स्पीकर बहुधा ३ किंवा ४ ओहमचे असतात. ते काढून ६ ओहमपासून पुढच्या नव्या रिसीव्हरला जोडू नका, मोठ्या आवाजात रिसीव्हर तापून बंद पडतो.

टीव्ही १२० हर्ट्झचा, प्लेस्टेशन ५ आणि रिसीव्हरही आहे, तरी कन्सोल ६० हर्ट्झच दाखवतो. दुसऱ्या पोर्टला लावलं तर मध्येच पडदा काळा होतो. (नागपूर)

कन्सोल, तार, रिसीव्हर आणि टीव्हीचं पोर्ट या साखळीत सर्वांत हळू असलेली कडी पूर्ण साखळीचा वेग ठरवते. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात आणि त्यात ४के १२० हर्ट्झ एचडीआरसह (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणाऱ्या चित्रासह) बसत नाही. २.१ ची कमाल क्षमता ४८ गिगाबिट आहे. रिसीव्हर २०१९ किंवा त्याआधीचा असेल तर अडसर तिथेच आहे. २०२० मध्ये आलेल्या काही पहिल्या २.१ रिसीव्हरमध्येही चिपचा दोष होता आणि त्यांतून ४के १२० हर्ट्झ गेल्यावर पडदा काळा पडायचा.

रिसीव्हर बदलायची गरज नाही. कन्सोल सरळ टीव्हीला जोडा आणि आवाज टीव्हीच्या ई-आर्क पोर्टमधून रिसीव्हरकडे परत आणा. साध्या आर्कमधून दोन चॅनेलचा पीसीएम किंवा दाबलेला डॉल्बी जातो. ई-आर्कमधून आठ चॅनेलचा न दाबलेला आवाज आणि डॉल्बी ट्रूएचडीही (दर्जा न गमावणारा प्रकार) जातो. मात्र ई-आर्क टीव्ही आणि रिसीव्हर या दोन्हींत हवं. एकाच बाजूला असेल तर साधं आर्कच चालतं.

इथे एक अडचण खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही. अनेक टीव्हींत १२० हर्ट्झची दोनच पोर्टं असतात आणि त्यांतलंच एक ई-आर्कचं असतं. रिसीव्हर किंवा साउंडबार तिथे लागला की वेगवान पोर्ट एकच उरतं. दोन कन्सोल किंवा कन्सोल आणि गेमिंग पीसी असं दोन्ही वापरणार असाल तर चारही पोर्टं २.१ असलेला टीव्ही शोधा.

पोर्ट बरोबर निवडलं तरी टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टसाठी ‘एनहान्स्ड’ किंवा ‘४के १२०’ असा सिग्नल प्रकार हाताने चालू करावा लागतो, कारखान्यातून तो बऱ्याचदा बंद येतो. कन्सोलवर स्क्रीन अँड व्हिडिओमध्ये १२० हर्ट्झ आउटपुट ‘ऑटोमॅटिक’ करा आणि गेम प्रीसेट्समध्ये परफॉर्मन्स मोड निवडा. गेमने स्वतः १२० फ्रेम दिल्या तरच तो आकडा दिसेल. प्लेस्टेशन ५ ची एचडीएमआय वाट ३२ गिगाबिटची आहे, म्हणून १२० हर्ट्झला माहितीच्या पानावर आरजीबीऐवजी (पूर्ण रंगमाहितीऐवजी) ४:२:२ (कमी रंगमाहिती) असं दिसलं तर तो बिघाड समजू नका.

पडदा काळा होणं हे बहुतेक वेळा तारेचं दुखणं. कन्सोलच्या खोक्यातली तार अल्ट्रा हाय स्पीड आहे, आधी तीच लावून पाहा. नवी घ्यायची तर पाकिटावर क्यूआर कोड असलेलं अल्ट्रा हाय स्पीडचं प्रमाणपत्राचं लेबल बघा. ‘८के’ असं छापलेलं असणं म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. तांब्याची तार या वेगाला तीन मीटरपर्यंत भरवशाची असते.

याच विषयावर लातूरहून विचारलंय की ४३ इंची टीव्हीच्या खोक्यावर ‘मोशन रेट १२०’ लिहिलं आहे, मग १२० का मिळत नाही. तो आकडा हालचाल गुळगुळीत दाखवण्याच्या प्रक्रियेचा आहे, पॅनेल ६० हर्ट्झचंच आहे. दुकानात ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ किती, एवढंच विचारा.

१० बाय १० च्या बेडरूममध्ये १० इंची सबवूफर ठेवला आहे. काही आवाज घुमतात, काही ऐकूच येत नाहीत, आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. फोम लावू का? (डोंबिवली)

सबवूफर बदलू नका आणि फोमही आणू नका. दोष खोलीच्या मापात आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लाट नेमकी बसते त्या आवाजाला खोली जोर देते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला अंतराच्या दुपटीने भागलं की ती वारंवारता मिळते. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, म्हणून ५६ हर्ट्झ. तुमची लांबीही १० फूट आणि रुंदीही १० फूट, म्हणजे ५६ हर्ट्झ दोनदा. छत साडेनऊ फुटांवर असेल तर उभ्या दिशेने ५९ हर्ट्झ. तिन्ही जोर एकाच जागी येऊन आदळतात. स्फोट आणि ढोल याच पट्ट्यात असल्यामुळे ते घुमतात. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र याच वारंवारतेचा दाब जवळजवळ शून्य असतो. म्हणून पलंगाच्या मधोमध बसून बास ‘गायब’ होतो आणि दारात उभं राहिलं की अंगावर येतो.

पहिला उपाय फुकटचा आहे. सबवूफर तात्पुरता तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा. फोनवरून ४० ते ८० हर्ट्झचे टोन एकामागून एक वाजवा आणि भिंतीच्या कडेकडेने, कान सबवूफरच्या उंचीला आणून फिरा. जिथे सगळे टोन साधारण सारख्या जोराने ऐकू येतील ती सबवूफरची जागा. कोपऱ्यात बास सर्वांत जास्त मिळतो, पण चौकोनी खोलीत तोच सर्वांत ओबडधोबड असतो. स्वतः बसताना खोलीच्या मध्यावर किंवा भिंतीला चिकटून बसू नका. भिंतीपासून साडेतीन-चार फूट बहुधा ठीक पडतं.

मग रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा आणि सबवूफरच्या मागचा क्रॉसओव्हर खटका पूर्ण वर किंवा ‘एलएफई’वर न्या, म्हणजे एकच गाळणी दोनदा लागणार नाही. रिसीव्हरसोबतच्या माइकने आपोआप मोजणी करताना पंखा, एसी आणि फ्रीज बंद ठेवा. माइक हातात धरू नका किंवा गादीवर ठेवू नका, कानाच्या उंचीवर ट्रायपॉडवर हवा. मोजणीनंतर रिसीव्हर पुढच्या स्पीकरांना ‘लार्ज’ करून ठेवतो का ते तपासा आणि परत ‘स्मॉल’ करा. इक्वलायझरने घुमणारा उंचवटा खाली आणता येतो. पण जिथे आवाज नाहीसा होतो तो खड्डा इक्वलायझरने भरत नाही, तिथे ताकद ओतली तरी ॲम्प्लिफायरच थकतो. खड्ड्याला जागा बदलणं हाच उपाय.

फोम, अंड्यांचे ट्रे आणि जाड पडदे फक्त वरचे सूर शोषतात. ५६ हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते, तिला दोन इंची फोम दिसतसुद्धा नाही. संवाद गोंगाटात हरवत असतील तर मात्र गालिचा आणि बाजूच्या भिंतींवर चार इंच जाड रॉकवूलचे, कापडात गुंडाळलेले पॅनेल उपयोगी पडतात. पॅनेलची जागा शोधायला तुम्ही बसा आणि दुसऱ्याला भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात पुढचा स्पीकर दिसेल तिथे पॅनेल.

शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. कमी वारंवारतेचा आवाज स्लॅब आणि बीममधून जातो. सबवूफरखाली जाड रबर ठेवल्याने पेटीची थरथर जमिनीत कमी उतरते, पण हवेतून स्लॅबवर आदळणारा दाब तसाच राहतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. दहानंतर रिसीव्हरचा नाईट मोड लावा आणि सबवूफरची पातळी ६ ते १० डेसिबलने उतरवा, किंवा गेमसाठी हेडफोन घ्या. शूटर गेममध्ये पावलांचा आवाज कुठून आला हे चांगल्या हेडफोनवर असंही जास्त स्पष्ट कळतं.

कन्सोल आणि टीव्हीच्या मागे हात लागला की झिणझिण्या येतात. गेल्या मेमध्ये टीव्हीची दोन एचडीएमआय पोर्टं गेली. (रत्नागिरी)

या दोन गोष्टींचं मूळ जवळजवळचं आहे, आणि हा विषय घरच्यांच्या जिवाचा असल्याने सविस्तर लिहितो. प्लेस्टेशन ५ ची आणि बऱ्याच टीव्हींची वायर दोन पिनांची असते, तिला अर्थिंगच नसतं. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी थोडा प्रवाह धातूच्या भागावर येत राहतो. कोरड्या पायांनी तो जाणवत नाही, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहिलं की झिणझिण्या येतात. तीन-चार यंत्रं एचडीएमआयने एकमेकांना जोडली की सगळ्यांची गळती एकत्र होते. एवढ्याने धोका नसतो. पण झटका बसत असेल, हात मागे ओढावा लागत असेल, तर ती साधी गळती नव्हे. मेन स्विच बंद करा आणि वायरमन आल्याशिवाय हात लावू नका.

डेस्कटॉप पीसी, यूपीएस किंवा ॲम्प्लिफायर असं तीन पिनांचं यंत्र साखळीत असेल तर अर्थिंग तपासून घ्या. वायरमनला मल्टिमीटरने फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजायला सांगा. पहिलं २३० व्होल्टच्या आसपास हवं, दुसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशेवर डोलत असेल तर अर्थची तार कुठेतरी तुटली आहे किंवा जोडलेलीच नाही. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि मागे अर्थची तार नसते, हे सर्रास आढळतं. काहीजण अर्थच्या पिनेला न्यूट्रलचा तुकडा जोडून देतात. तसं कधीही करू देऊ नका. बाहेर न्यूट्रल तुटला तर यंत्रांच्या धातूवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. अर्थिंग नीट झाल्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवा.

मेमधला वळवाचा पाऊस आणि गेलेली पोर्टं यांचा संबंध बहुधा छतावरच्या डिशशी आहे. विजेचा लोट सेट-टॉप बॉक्सच्या गोल तारेतून येतो आणि एचडीएमआयमधून टीव्हीत शिरतो. विजेच्या बोर्डवर लावलेला सर्ज प्रोटेक्टर या वाटेवर नसतोच. गडगडाट सुरू झाला की यंत्रांच्या पिना सॉकेटमधून ओढून काढा आणि डिशची तारही बॉक्समधून सोडवा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि बटणाच्या आतली फट विजेला अडवू शकत नाही. एचडीएमआय तार लावताना-काढतानाही दोन्ही यंत्रांच्या पिना आधी काढा. त्या क्षणी दोघांच्या धातूंमधल्या व्होल्टेजचा फरक पोर्टच्या बारीक पिनांतून वाहतो आणि पोर्ट जातं.

स्पीकरमधून ५० हर्ट्झची घूं ऐकू येत असेल तर गोल तार काढून बघा. घूं थांबली तर केबल टीव्हीच्या तारेला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (तारेतली विजेची जोडणी तोडणारा भाग) लावता येतो. डीटीएचच्या तारेला तो चालत नाही, कारण त्याच तारेतून छतावरच्या एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल घेणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि आयसोलेटर ते अडवतो.

घराचं बांधकाम सुरू आहे, गिलावा व्हायचा आहे. थिएटरच्या खोलीत आत्ताच कोणत्या तारा टाकून ठेवू? (सांगली)

तारांपेक्षा पाईप महत्त्वाचा. एचडीएमआयची पिढी बदलते, भिंत तीच राहते. टीव्ही किंवा प्रोजेक्टरच्या जागेपासून यंत्रांच्या कपाटापर्यंत ४० मिलिमीटरचा पाईप टाका. २५ च्या पाईपमध्ये एचडीएमआयचं डोकं पहिल्या वळणावरच अडकतं. वळणाला काटकोनी एल्बो न लावता लांब बेंड वापरा आणि आत नायलॉनची दोरी ओढून ठेवा.

तीन-पाच मीटरच्या पुढे एचडीएमआय ऑप्टिकल घ्या, म्हणजे ॲक्टिव्ह ऑप्टिकल केबल. तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक कन्सोल किंवा रिसीव्हरकडे आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेलं टीव्हीकडे. उलटी घातली तर काहीच दिसत नाही आणि सगळी तार परत ओढावी लागते, म्हणून पाईपमध्ये घालण्याआधी जमिनीवर पसरून जोडून बघा. ई-आर्कचा आवाज परत आणायचा असेल तर ती केबल ई-आर्क देते का हेही तेव्हाच तपासा, सगळ्या देत नाहीत.

स्पीकरसाठी १.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची मऊ वायर पुरते. ८ ओहमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत, ४ ओहमच्याला सात मीटरपर्यंत. त्यापुढे २.५ ची टाका. ‘सीसीए’ म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, त्याचा रोध दीडपटीहून जास्त असतो. टोक सोलून सुरीने खरवडलं आणि आत पांढरं दिसलं तर परत करा. डॉल्बी ॲटमॉससाठी (वरूनही आवाज देणाऱ्या प्रकारासाठी) छतात दोन स्पीकरच्या तारा बसण्याच्या जागेच्या किंचित पुढे काढून ठेवा, पीओपी झाल्यावर ते काम चौपट होतं. सबवूफरसाठी पुढच्या आणि मागच्या भिंतीवर एकेक पॉइंट द्या, कारण त्याची जागा शेवटी खोलीच ठरवते. टीव्हीमागे इंटरनेटसाठी कॅट-६ च्या दोन तारा हव्यात. ऑनलाइन गेमला तारेचं इंटरनेट वायफायपेक्षा स्थिर असतं.

या सगळ्या तारा विजेच्या तारांच्या पाईपमधून नेऊ नका. समांतर जाताना फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नाव लिहा, मीटरभर जादा सोडा, आणि गिलाव्याआधी भिंतीला टेप लावून फोटो काढा. पुढे ड्रिल मारताना तेच फोटो कामाला येतात.

१२,००० लुमेनचा प्रोजेक्टर जाहिरातीत खूप स्वस्त दिसतो. १०० इंची पडद्यावर गेम खेळता येईल का? (जळगाव)

त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. एएनएसआय किंवा आयएसओ लुमेन (प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड) किती, एवढंच बघा. तो आकडा लिहिलेला नसेल तर घेऊ नका. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ३० चौरस फूट. पूर्ण अंधारात सिनेमाघराइतका उजेड मिळायला पडद्यावर खरे ४८० लुमेन पोहोचले तरी पुरतात. दिवा लावून खेळायचं तर किमान दोन-अडीच हजार हवेत, आणि उघड्या खिडकीपुढे तेही फिके पडतात. ‘४के सपोर्टेड’ म्हणजे तो ४के सिग्नल घेतो. पडद्यावर किती ठिपके पडतात ते ‘नेटिव्ह’ रेझोल्यूशनमध्ये कळतं.

अंतर आधी मोजा. पडद्याची रुंदी गुणिले थ्रो रेशो हा हिशेब. १०० इंची पडदा २२१ सेंटिमीटर रुंद असतो, रेशो १.५ असेल तर लेन्स पडद्यापासून ३.३ मीटर, म्हणजे ११ फूट दूर हवी. १० फुटी खोलीत १.२ किंवा त्याहून कमी रेशोचा शोधा. प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ बसवा. तिरका ठेवून कीस्टोनने चित्र चौकोनी केलं की ठिपकेही जातात आणि गेममध्ये उशीरही वाढतो.

ब्लूटूथ साउंडबारवर गोळीचा आवाज उशिरा येतो. (छत्रपती संभाजीनगर)

येणारच. साध्या ब्लूटूथचा उशीर १५० ते २५० मिलिसेकंदांचा असतो, आणि ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज दहा-पंधरा फ्रेम मागे. सिनेमात टीव्ही चित्र थांबवून जुळवून घेतो, गेममध्ये तसं करता येत नाही. साउंडबार एचडीएमआय आर्क किंवा ऑप्टिकलने जोडा. बटण दाबल्यावर चित्रच उशिरा हलत असेल तर टीव्हीचा गेम मोड चालू आहे का बघा. नवे कन्सोल तो आपोआप चालू करतात, पण टीव्हीत ती परवानगी दिलेली असावी लागते.

ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा) टीव्ही रात्री बोर्डवरून बंद केला तर चालेल का? लोडशेडिंगसाठी काय करावं? (मुंबई, बीड)

रोज बोर्डवरून बंद करू नका. ओएलईडी टीव्ही साधारण चार तासांच्या वापरानंतर, रिमोटने बंद केल्यावर, स्टँडबायमध्ये पिक्सेल सारखे करण्याचं काम स्वतः करतो. बोर्डच बंद असेल तर ते होत नाही आणि बातम्यांची पट्टी, धावफलक, गेममधला नकाशा यांचे डाग उरण्याची शक्यता वाढते. विजा चमकत असताना मात्र पिन काढायचीच.

लोडशेडिंगच्या गावात कन्सोल रेस्ट मोडमध्ये सोडू नका, पूर्ण बंद करा. वीज अचानक गेली की तो पुढच्या वेळी स्टोरेज तपासत बसतो आणि सेव्ह केलेला खेळ खराब होऊ शकतो. प्लेस्टेशन ५ गेममध्ये २०० वॉटच्या आसपास घेतो, ६५ इंची टीव्ही शंभर ते दोनशे. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट, तो अपुरा पडेल. १००० व्हीएचा घ्या आणि त्यावर कन्सोल, टीव्ही आणि राउटर एवढंच लावा, सबवूफर नको. घरचा इन्व्हर्टर वापरायचा तर तो साइन वेव्हचा हवा आणि खटका ‘यूपीएस’ मोडवर. स्क्वेअर वेव्हवर ॲम्प्लिफायर गुणगुणतो.

न्यू जर्सीहून नाशिकला परत येतोय. तिथला रिसीव्हर, सबवूफर, स्पीकर आणि कन्सोल आणावा का? (न्यू जर्सी)

प्रत्येक यंत्राच्या मागचं लेबल वाचा. ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर फक्त पिन बदलायची, प्लेस्टेशन ५ तसाच आहे. अमेरिकेतले रिसीव्हर बहुतेक १२० व्होल्टचेच असतात. इथल्या २३० वर लावले की पहिल्याच सेकंदाला फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर जातो. रिसीव्हर चांगला असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, लेबलवरच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा. ५०० वॉटच्या रिसीव्हरला १००० व्हीए. साधे स्पीकर खुशाल आणा, त्यांना विजेची पिनच नाही. सबवूफरच्या मागे काही वेळा ११५/२३० असा खटका असतो. तो पिन लावण्याआधी २३० वर करा, नंतर लक्षात येऊन उपयोग नाही. डिस्क आणत असाल तर ४के ब्लू-रेला प्रदेशाचं बंधन नाही. साध्या ब्लू-रेला मात्र आहे: अमेरिका ए, भारत सी. डीव्हीडी तिथल्या १ क्रमांकाच्या, इथल्या ५ च्या. त्या डिस्कसाठी प्लेअरही तिथूनच आणा, लेबल बघून.